नारिंगी जाकीट दिसेपर्यंत

रविवार, ५ ऑक्टोबर

लेक टिल्ली आमच्या क्लबच्या मोटरसायकल रॅलीला येते म्हणाली. मी फोनवर "बरं" एवढंच म्हणालो आणि ठेवून दिला. मग उगाच सगळ्या खोल्यांतले दिवे लावले आणि एकेक करून पुन्हा विझवले.

हिचं गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. लेकीच्या शहरात हॉस्पिटल चांगलं, म्हणून ही तिकडे गेली. महिनाभर विश्रांती घेऊन परत यायचं ठरलं होतं. आता ऑक्टोबर लागला. चालते, जिने चढते, बाजारातून पिशवी घेऊन येते, असं टिल्लीच सांगते. मग घरी यायला काय झालं? विचारलं की ही म्हणते, "बघू." इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या "बघू"चा अर्थ मला एकच माहीत आहे.

ऑपरेशनच्या दिवशी मी गेलो नाही, हे कोणी काढायला नको. हॉस्पिटलात माझं काम काय? नुसती खुर्ची अडवून बसायचं. डॉक्टर कापणार, नर्स बघणार, मी काय त्यांची परीक्षा घेणार होतो? शिवाय तेव्हा रॅलीचा रस्ता पाहायला जायचं होतं.

तर आता टिल्ली येणार म्हणजे बघणार, आणि बघणार म्हणजे जाऊन आईला सांगणार. रॅलीचे शनिवार-रविवार असे चोख पार पडले पाहिजेत की तिनं म्हणावं, बाबा अगदी ठीक आहेत, तू जा घरी. तसं झालं तर ही येईल. नाही तर येणार नाही, आणि मग मी या घरात भिंतींशी बोलत मरेन. हे वाचायला वाईट दिसतं, पण आहे ते असं आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बेकरीच्या मागच्या खोलीत क्लबची बैठक. एके काळी खुर्च्या पुरायच्या नाहीत. आज अर्ध्या रिकाम्या. दातांचा डॉक्टर, प्लंबर, बेकरीवाला आणि इतर चारदोन टाळकी. क्लबचीही घरघर सुरू झाली आहे, दुसरं काय.

डॉक्टर म्हणाला, "कप्तान, आता फोनवर नकाशा असतो. वळणावर माणूस कशाला उभा करायचा?"

या माणसाला लोकांच्या तोंडात बोटं घालायची सवय, त्यामुळे दुसऱ्याच्या कामातही घालतो. मी त्याला नियम पहिल्यापासून ऐकवला. सगळ्यांत पुढे मी. वळण आलं की माझ्या मागची गाडी तिथं थांबते आणि मागच्यांना दिशा दाखवते. सगळ्यांत शेवटी शेपूट, म्हणजे बेकरीवाला, अंगात नारिंगी जाकीट. जाकीट दिसलं की वळणावरचा सुटला, तो त्याच्यापुढे निघतो. तोवर जागचं हलायचं नाही. हा नियम मी आणला आणि आजवर एक माणूस हरवलेला नाही.

"जाकीट मळलंय," बेकरीवाला म्हणाला. "धुऊन आणतो." क्लबमध्ये तेवढा एक शहाणा आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

हिच्या खोलीला रंग लावला. फिकट निळा, हिला आवडतो तो. नळाचा वायसर बदलला. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून घेतला, गुडघ्यासाठी. संध्याकाळी अंग मोडून आलं, तरी फोन केला.

मी रंगाचं सांगितलं. ही म्हणाली, "छान." मग म्हणाली, "इकडे या ना एकदा."

"तू ये की. तुझं घर आहे."

"दोन तासांचा तर रस्ता आहे."

"तेच म्हणतो मी. दोन्हीकडून तेवढाच आहे."

मी हसलो. ही हसली नाही. म्हणाली, गोळी घ्यायची वेळ झाली.

कठड्याचं विचारलंसुद्धा नाही. माणसानं करायचं तरी किती? रंगाच्या वासानं झोप लागत नाही, आणि वास नसता तरी लागली नसती.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

टिल्ली आली, स्वतःच्या मोटरसायकलवर. जुनी घेतली आहे, पण चेन स्वच्छ, टायर बरे. चालवतेही नीट. कोपर जरा बाहेर जातं, ते लगेच सांगितलं.

अठरा वर्षांची असताना ती परवान्याच्या परीक्षेला माझ्याच समोर आली होती. चाक रेषेला टेकलं, मी नापास केली. ऑफिसात सगळे म्हणाले, साहेब, पोटची पोर आहे. म्हटलं, म्हणूनच. आजही त्या ऑफिसात ही गोष्ट नव्या परीक्षकांना सांगतात. पुढे तिनं दुसरीकडे कुठेतरी परीक्षा दिली, मला कळवलंही नाही. पोरीच्या नाकावर राग असतो, आईवर गेली आहे.

तिनं घरभर फिरून पाहिलं. निळ्या खोलीत बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, "काय, पास?"

"खोली छान झालीय, बाबा." मग पलंगाच्या कडेला बसली. "आई विचारत होती, तुम्ही तिला न्यायला येणार का?"

"न्यायला? ती काय सामान आहे?"

हा विनोद होता. एरवी अशा विनोदांवर ती डोळे तरी फिरवते. आज नुसती चादरीवर हात फिरवत राहिली.

"स्वतःच्या पायानं गेली, स्वतःच्या पायानं येईल," मी म्हणालो. "आता तर गुडघाही नवा आहे."

"हो," ती म्हणाली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

तंबू, भांडी, दोऱ्या, सगळं टेम्पोत चढवलं. टिल्लीनं मुकाट्यानं हातभार लावला. गाठी माझ्यापेक्षा चांगल्या मारते.

जेवण झाल्यावर गॅलरीत आईशी फोनवर कुजबुजत होती. "अजून दोन दिवस आहेत ना," एवढं कानावर आलं. म्हणजे निकाल लागायचा आहे. या वयात परीक्षेला बसायची पाळी यावी आणि तीही पोटच्या पोरीपुढे.

शनिवार, १८ ऑक्टोबर
(तलावाकाठी, तंबूत)

संपलं. टिल्ली गेली.

सकाळ इतकी चांगली सुरू झाली होती की मला तेव्हाच कळायला हवं होतं. ऊन कोवळं, रस्ता मोकळा, माझ्या मागे ती आणि तिच्यामागे बाकीचे. चहाच्या टपरीवर मी तिला गिअर फार लवकर बदलतेस म्हणून सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं खरं, पण चूक ती चूक.

मग किल्ल्याचं वळण आलं. तिथं ट्रकांचा एक बंद पडलेला वजनकाटा आहे, बाजूला पत्र्याची खोली, आजूबाजूला काही नाही. तिची पाळी होती. मी गाडी हळू करून म्हटलं, "जाकीट दिसल्याशिवाय हलायचं नाही. कोणी काहीही सांगितलं तरी." ती म्हणाली, "हो, बाबा," आणि हसली. लहानपणी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून हसायची तशी. मला इतकं बरं वाटलं की वर पोचेपर्यंत मी हेल्मेटच्या आत चक्क गाणं म्हणत होतो.

वर गेलो. सगळे आले, टिल्ली नाही. बेकरीवालाही नाही. डॉक्टर सर्वांत शेवटी आला. म्हणाला, मागे बेकरीवाल्याच्या क्लचची वायर तुटली. टेम्पो मागून येतच होता, त्यात त्याला गाडीसकट घातलं आणि ते वळणापर्यंत न येता खालच्या रस्त्यानं थेट तलावाकडे गेले. शेपूट म्हणून डॉक्टर आला.

"टिल्ली कुठे?"

"वळणावर होती की. मी हात केला तिला, चल म्हणून. तिनंही केला. मला वाटलं येतेय मागून." मग म्हणाला, "जाऊन बघून येऊ का?"

"नको," मी म्हणालो. "रुसली असेल. टपरीवर बोललो ना तिला. गेली असेल आल्या वाटेनं."

"तरी पण, कप्तान..."

"कप्तान मी आहे ना? मग झालं. आईचं शिकलीय. मनाविरुद्ध झालं की उठून जायचं. जाणाऱ्याच्या मागे आपण धावत नाही."

मग मी बुरुजावर चढून सगळ्यांना किल्ला समजावून सांगितला. दरवाजासमोर काटकोनात वळण का दिलं, म्हणजे हत्तीला धाव घेता येत नाही. पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या का, म्हणजे परक्याला ठेच लागते आणि घरच्याला सवय असते. धान्याचं कोठार, पाण्याचं टाकं. महिनाभर तयारी केली होती. प्लंबर सावलीत घोरत होता. डॉक्टर माझ्याकडे न बघता खाली रस्त्याकडे बघत होता. मी एक शब्द गाळला नाही. पण खरं सांगायचं तर तोंड बोलत होतं आणि आत कोणीतरी सगळं सामान आवरून निघून गेल्यासारखं वाटत होतं.

मग पलीकडच्या उतारानं इथं तलावावर आलो. इथं फोन लागतो. एकदा काढलाही खिशातून. पण गेली ती, तर करायचा तिनं. आता ती घरी पोचली असेल, आईला सांगत असेल, बाबा होते तसेच आहेत. आता ही येत नाही. हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आशा धरायला नको.

(नंतर)

गेली नव्हती!

मी वरचं लिहून तंबूबाहेर आलो तर बेकरीवाला चुलीपाशी सगळ्यांच्या ताटल्या मांडत होता. म्हणाला, "टिल्लीची कुठली? तिला तिखट कमी लागतं."

"ती घरी गेली."

"कधी?"

"वजनकाट्याच्या वळणावरून."

तो ताटली हातात धरून तसाच उभा राहिला. मग टेम्पोकडे बघितलं. आरशाला त्याचं नारिंगी जाकीट वाळत घातलं होतं.

"जाकीट तर माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "डॉक्टरला द्यायचं राहिलं. कप्तान, पोरगी तिथंच असेल. सकाळपासून!"

आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला. टिल्ली रुसली नव्हती! नियम पाळत होती! सकाळपासून माझ्या शब्दावर उभी होती, डॉक्टरनं बोलावलं तरी हलली नाही.

"चला, बसा," बेकरीवाला टेम्पोत चढून म्हणाला.

"तूच जा," मी म्हणालो. "जाकीट तू घालतोस. तुला पाहिलं की ती सुटेल. मी इथं तिचा तंबू लावून ठेवतो."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याची बेकरी मागितली. मग टेम्पो काढून गेला. मी तिचा तंबू सगळ्यांत चांगल्या जागी लावला, खालचे खडेसुद्धा वेचून काढले.

अंधार पडता पडता दोघं आले, टेम्पो पुढे, ती मागे. चेहरा उन्हानं लाल झाला होता, ओठ फुटले होते. तिथं खोलगट भागात फोनही लागत नाही. गाडीवरून उतरली आणि म्हणाली, "जाकीट आलं नाही, बाबा."

मी सगळ्यांना हाक मारून गोळा केलं. म्हटलं, "बघा! याला म्हणतात शिस्त! हिच्याकडून शिका!" आणि टाळ्या वाजवल्या. प्लंबरनं दोनचार वाजवल्या. बाकीचे दमले होते. डॉक्टर उठून पाणी आणायला गेला.

टिल्ली थोडंसं खाऊन झोपायला गेली. मी मात्र आज पहिल्यांदाच जरा पोटभर जेवलो.

रविवार, १९ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलं आहे आणि मला त्यावर नेमकं बोट ठेवता येत नाही.

सकाळी तिनं तंबू घडी करून बांधला. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. तिनं विचारलं, "बाबा, मी दिसत नाही म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

मी खोटं बोलत नाही. "वाटलं, रागावून गेलीस."

"पडले असेन असं नाही वाटलं?"

"तू? तू चांगली चालवतेस." हे मी कौतुकानं म्हटलं.

ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. "तिथून बुरूज दिसतो. तुम्ही हात हलवून काहीतरी सांगत होता. मला वाटत होतं, आता वळून बघतील. मग म्हटलं, आता खाली उतरतील, आता येतील. तुम्ही आला असता ना, तर जाकिटाचं काही नव्हतं. मी लगेच निघाले असते."

"पण नियम—"

"हो, नियम." मग म्हणाली, "आई म्हणाली होती..."

"काय म्हणाली होती?"

"काही नाही. चहा छान झालाय."

परतीच्या वाटेवर ती माझ्या मागे नव्हती, मध्ये कुठेतरी होती. तिच्या शहराचा फाटा आला तेव्हा आरशात पाहिलं, तिनं हात वर केला आणि वळली. मागे सगळे येत होते, मला थांबता आलं नाही. थांबता आलं असतं म्हणा. पण थांबून बोलायचं काय?

जाताना रागावलेली नव्हती. तीच धास्ती आहे. रागावली असती तर मला ओळखीचं वाटलं असतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

हिचा फोन आला. हिनं आपणहून केला, म्हणून मी उभा राहून घेतला.

"टिल्लीनं सांगितलं," ही म्हणाली.

"मग? कशी उभी राहिली बघ पोरगी! सगळा क्लब थक्क झाला."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ऑपरेशन झाल्यावर मला शुद्ध आली," ही म्हणाली, "तेव्हा दार समोरच होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसायचा."

"त्याचं काय आता?"

"काही नाही. माझं शिलाईमशीन आणि गरम कपडे पाठवून द्या. टेम्पोवाला टिल्ली पाठवेल."

मी विचारलं, "अगं, पण चुकलं काय? रॅली नीट झाली, माणूस हरवला नाही, खोली रंगवली, कठडा केला." ही म्हणाली, "तुम्ही खूप केलंत." हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात आपण परक्या माणसाचे आभार मानतो.

मी हातपाय गाळून खुर्चीत बसून राहिलो. घरात इतकी शांतता आहे की फ्रीज सुरू झाला तरी दचकायला होतं. आता पुढे काय, हे विचारायलासुद्धा कोणी नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

टेम्पो येऊन गेला. मशीन गोधडीत गुंडाळून, दोऱ्यांनी बांधून दिलं. गरम कपड्यांत हिच्या वासाची एक शाल होती, ती ठेवून घेणार होतो. पण गरम कपडे म्हटलं होतं, म्हणून दिली.

संध्याकाळी बेकरीवाला पाव घेऊन आला. बसला. म्हणाला, "कप्तान, जाऊन या वहिनींकडे."

"बोलावलं तर जाईन."

"बोलावलंय की त्यांनी, तुम्हीच तर सांगत होतात. किती वेळा बोलवायचं माणसानं?"

"कधी बोलावलं?"

त्यानं कपाळाला हात लावला. मी विचार करकरून डोकं शिणवलं. "इकडे या ना एकदा" असं एकदा म्हणाली होती, पण ते बोलावणं कुठे, ते तर असंच बोलणं. तरी रविवारी जातो. आणखी काय बिघडायचं राहिलं आहे?

रविवार, २६ ऑक्टोबर

गेलो होतो.

टिल्लीची इमारत चारमजली आहे, ती दुसऱ्या मजल्यावर. मी समोरच्या फुटपाथला गाडी लावली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. वर बघितलं तर ही गॅलरीत, वाळलेले कपडे काढत होती. काठी नाही, काही नाही, सरळ उभी. केस कापून घेतले आहेत. मला कोणी सांगितलं नव्हतं. बरी दिसत होती, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तिनं मला पाहिलं. हातातला टॉवेल तसाच राहिला. मी हात वर केला. तिनंही केला.

जिना समोर होता, दार उघडं होतं, मुलं आत-बाहेर करत होती. मी गाडीपाशी उभा राहिलो. म्हटलं, आता हाक मारेल. "वर या" एवढं म्हणाली असती तर दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेलो असतो, या वयात. मी काही आगंतुक नाही, नवरा आहे, पण कोणाच्या दारात न बोलावता कसं घुसायचं?

ती कठड्याला धरून उभी होती. मीही उभा होतो. तिच्यामागे टिल्ली आली, तिनं खाली पाहिलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत निघून गेली. ही हलली नाही. उरलेले कपडेही तिनं काढले नाहीत. ऊन माझ्या गाडीच्या टाकीवरून उतरून रस्त्यावर गेलं. मला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल. एकदा तिनं दाराकडे, त्या जिन्याच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. कशासाठी पाहिलं कोण जाणे.

मग तिनं टॉवेलची घडी केली. नीट, चार पदरी, उगाच वेळ लावून. माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

मीही जरा वेळ थांबलो. मग हेल्मेट घातलं. हाक मारायची असती तर मारली असती तिनं. नव्हतीच मारायची. घरी येईपर्यंत काचेआड डोळे गळत होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

निदान आपल्याकडून कसूर नको म्हणून गेलो होतो. इतका वेळ खाली उभा राहिलो, आणि तिला एक शब्द टाकवला नाही.